पूल नव्हता तेव्हा

लिफ्टवाले लेकीकडे राहायला आले तेव्हा उन्हाळा उतरणीला लागला होता. हातात एक बॅग होती, कमरेत कळ होती. उंबऱ्यातच त्यांनी सांगून टाकलं, "पाऊस सुरू व्हायच्या आत मी परत जाणार बरं का." लेकीने "बरं" म्हटलं आणि बॅग कपाटावर, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी सरकवून दिली.

उभं आयुष्य त्यांनी शहरात बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. टॉर्च दातांत धरायची, लिफ्टच्या टपावर चढायचं आणि अंधारात हात काळे करायचे. म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. काम सुटलं तरी नाव सुटलं नाही. आदल्या वर्षी बायको गेली. त्यानंतर लेक फोनवर रोज विचारायची, "बाबा, जेवलात का?" आणि ते रोज बिनदिक्कत खोटं बोलायचे. एक दिवस ती न कळवता आली, सरळ स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून पाहिले आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "कपडे भरा."

लेकीला ते मुंगी म्हणत. लहानपणी एका जागी टेकायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता ती पोटुशी होती, तरीही एका जागी टेकत नव्हतीच.

गाव नदीच्या एका काठाला होतं आणि मुंगीचं घर दुसऱ्या. डांबरी रस्ता गावातच संपायचा. तिथून पायवाट, मग एका वेळी एकच माणूस जाईल असा लाकडी पूल आणि मग दम काढणारा चढ. वर उतारावर तीन खोल्यांचं एकटं घर, घराला चिकटून गोठा, पुढे भाजीचे वाफे. शेजार म्हणाल तर झाडांचा. फोन करायचा तर घरामागच्या मोठ्या खडकावर चढून गावाकडे तोंड करावं लागे, आणि तिथेही अर्धं बोलणं वाराच घेऊन जाई.

जावई माणूस म्हणून सोनं. फक्त बोलायचा नाही. चार गाई, वाफे, दुधाच्या किटल्या यांतून सवड मिळाली तरी तोंड उघडायला त्याला कारण सापडत नसे. लिफ्टवाल्यांनाही त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सासरा-जावई एका छपराखाली प्रथमच राहत होते. त्यामुळे सगळं बोलणं मुंगीमार्फत चालायचं.

"बाबांना विचार, पंखा लावू का?" जावई दारातून म्हणायचा. बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे.

"त्यांना सांग, नको. वारा आहे," बाबा म्हणायचे.

"नको म्हणतायत. वारा आहे," मुंगी भाजी चिरता चिरता सांगायची. तिची सुरी थांबायची नाही.

या घरात आपण नुसते बसून खातो, ही टोचणी लिफ्टवाल्यांना होती. झाडू हातात घेतला तर मुंगी काढून घ्यायची. बादली उचलली तर जावई मुकाट्याने येऊन कडी दुसऱ्या बाजूने धरायचा. दोघं मायेने करत होते हे कळत होतं, पण त्या मायेनेच त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं.

पावसाने जोर धरला तसे मुंगीचे दिवस भरत आले. दवाखाना पलीकडे गावात. तेव्हा तिने आधीच नणंदेकडे जाऊन राहायचं ठरलं. नणंद, म्हणजे जावयाची थोरली बहीण, गावात पिठाची गिरणी चालवायची. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची तिला इतकी सवय होती की गिरणी बंद असतानाही ती तसंच बोलायची. सगळं गाव तिला गिरणीवाली म्हणे. जावई रोज सकाळी दूध पोचवायला पूल ओलांडायचाच. जाता-येता बायकोला भेटेल, असा बेत होता.

निघताना मुंगी पुलाच्या तोंडाशी थांबली. "मी नसताना एकमेकांशी बोला हं."

"बोलतोच की," दोघंही एकदम म्हणाले. तिच्याकडे बघून.

त्या संध्याकाळी घरात दोन पुरुष आणि चुलीवर एक भांडं. जावई धार काढायला गोठ्यात गेला. लिफ्टवाले मागोमाग जाऊन दाराशी उभे राहिले. बराच वेळ नुसता किटलीत धारेचा आवाज. मग जावई तांबूला, म्हणजे पुढ्यातल्या गाईला, म्हणाला, "आज बाबांना लवकर भूक लागली असेल."

लिफ्टवाल्यांनी गाईकडे पाहिलं. घसा खाकरला. "तांबू," ते म्हणाले, "त्यांना सांग, सावकाश होऊ दे. कांदे मी चिरून ठेवतो."

तांबूने कान हलवला. निरोप पोचला.

तेव्हापासून गाय मध्यस्थ झाली. मुंगीपेक्षा ती बरी होती, एका अर्थाने. हसायची नाही.

आणि मग नदी चढली. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी जावई किटल्या घेऊन खाली उतरला आणि तसाच भरल्या किटल्या घेऊन परत आला. किटल्या ओट्यावर ठेवल्या. गोठ्यात जायला त्याला वेळ नव्हता की सुचलं नाही कोण जाणे, पण तो सरळ सासऱ्यांच्या समोर येऊन उभा राहिला.

"बाबा, पूल गेला."

दोघं काठावर गेले. अलीकडचे दोन खांब आणि पलीकडचे दोन खांब उभे होते. मधे तांबडं पाणी, त्यात अख्खी झाडं मुळासकट वाहत चाललेली. जावई खडकावर चढून फोन लावत राहिला. फोन मुका. गावातला टॉवरही बंद पडला असावा.

"ओसरेल," लिफ्टवाले म्हणाले.

"ओसरेल," जावई म्हणाला.

दोघांनाही ठाऊक होतं की इतक्यात ओसरत नाही.

दूध तर थांबत नाही. गाईंना पूल गेल्याचं कोण सांगणार? घरातली सगळी भांडी दुधाने भरली. मग साय काढायची, घुसळायचं, लोणी काढायचं. हे काम लिफ्टवाल्यांनी मागून घेतलं आणि या वेळी कुणी हातातून काढून घेतलं नाही. घ्यायला दुसरे हातच नव्हते. ते धार काढायलाही शिकले. तांबूने पहिल्या दिवशी शेपटीने त्यांचा चष्मा उडवला आणि दुसऱ्या दिवशी पायाने बादली. तिसऱ्या दिवशी ती कंटाळली. छपराची गळती शोधायला जावई वर चढला की ते खालून ओरडायचे, "डावीकडे! अजून डावीकडे! आता माझ्या डोक्यावर पडतंय, तिथेच!" संध्याकाळी अंग ठणकायचं आणि झोप मात्र अशी लागायची की बायको गेल्यापासून तशी लागली नव्हती. पहाटे जाग आली की पडल्या पडल्या त्यांना वाटायचं, आज आपल्याला काम आहे. तेवढ्यानेच बरं वाटायचं.

एका सकाळी दोघं वाफ्यांतलं पाणी काढून देत होते, तेव्हा पलीकडच्या काठावर गिरणीवाली दिसली. डोक्यावर पोतं पांघरलेलं, हातात टॉवेल. तो ती जीव खाऊन हलवत होती. ओरडतही होती, तोंड उघडत-मिटत होतं, पण नदीच्या घोंघाटापुढे गिरणीसुद्धा काय करणार? शेवटी तिने टॉवेल टाकला, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि कमरेतून वाकून दाखवलं. मग दवाखान्याकडे बोट केलं आणि पळतच निघून गेली.

"कळा," लिफ्टवाले म्हणाले.

जावई धावत गोठ्यात गेला आणि दोराचं भेंडोळं घेऊन आला. अंगातला शर्ट काढून फेकला. दोराचं एक टोक काठावरच्या झाडाला बांधायला लागला. लिफ्टवाल्यांना पोहण्यातलं काही कळत नव्हतं, पण दोरातलं कळत होतं. त्यांनी दोर बोटांत धरून पाहिला. ओलाव्याने कुजलेला, मधे दोन ठिकाणी सुटलेला. ते सरळ भेंडोळ्यावर बसले.

"उठा, बाबा."

"नाही उठत."

"ती तिकडे एकटी आहे!"

"एकटी कशी? तुमची बहीण आहे, नर्सबाई आहेत, सगळं गाव आहे. तुम्ही पाण्यात उतरलात तर एकटा राहीन तो मी."

"मला पोहता येतं."

"मला येत नाही ना. तुम्ही बुडायला लागलात तर मी इथे उभा राहून नुसता बघणार. आणि पाणी ओसरल्यावर तिला काय सांगू? दूध तापवून ठेवलंय आणि नवरा वाहून गेला?"

जावई दोराचं टोक हातात घेऊन उभा राहिला. पाऊस त्याच्या उघड्या पाठीवर पडत होता. एकदा त्याने पाण्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. लिफ्टवाले म्हातारे होते, हलके होते. त्यांना उचलून बाजूला ठेवणं त्याला कठीण नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "घरातलं एक माणूस मी नुकतंच घालवलंय. आता नको."

जावयाच्या हातातून दोर गळला. तो तिथेच चिखलात बसला आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं. लिफ्टवाल्यांनी शर्ट उचलून त्याच्या खांद्यावर टाकला. ओलाच होता, पण टाकला.

त्या दिवशी काठ मोकळा राहिला नाही. एकाने धार काढायला जायचं, तर दुसऱ्याने काठ सोडायचा नाही, असं आपोआप ठरून गेलं. वेळ जाईना तेव्हा लिफ्टवाले बोलायला लागले.

"मुंगी झाली तेव्हा मीही नव्हतो तिथे. बाजारपेठेतल्या एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत चार माणसं. मी टपावर. खाली कुणीतरी निरोप आणला, पण तो वर यायचा कसा? लिफ्टच बंद!"

जावयाने मान वर केली.

"माणसं बाहेर काढली आणि तसाच पळत दवाखान्यात गेलो. पोचलो तेव्हा मुंगी चांगली दोन तासांची झाली होती. मला वाटलं, आता बायको बोलणार. तर ती म्हणते, आधी हात धुऊन या, पोरीला ग्रीस लागेल."

"मग?"

"मग काय, धुतले. नीट निघालं नाही. मुंगीच्या पहिल्या झबल्यावर माझा काळा अंगठा उमटला. ते झबलं हिने जपून ठेवलं होतं. ग्रीसच्या डागासकट."

जावयाने खांद्यावरचा शर्ट पिळला. मग म्हणाला, "आई फार चांगल्या होत्या." आणि मग आपणहून, कुणी न विचारता, तो बोलत राहिला. सासूबाईंनी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला वाढलं तेव्हा तो लाजून उपाशीच उठला होता. आणि त्यांनी ते ओळखून निघताना गुपचूप पिशवीत जेवण भरून दिलं होतं. ही गोष्ट लिफ्टवाल्यांना माहीत नव्हती. बायकोबद्दल अजून काही नवं ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले. पाऊस होता, त्यामुळे काही विशेष दिसलं नाही.

दिवस कलता कलता गिरणीवाली परत आली. तिच्या चालीवरूनच कळलं की सगळं ठीक आहे. ती नाचतच येत होती. काठावर येऊन तिने हात उंच केला आणि दोन बोटं दाखवली. हसली, उड्या मारल्या, पुन्हा दोन बोटं.

"दोन!" लिफ्टवाले ओरडले.

"दोन काय?"

"अहो जुळं! जुळं, जावईबापू!"

जावई मटकन खाली बसला, मग उठला, मग सासऱ्यांना मिठी मारली आणि लगेच लाजून सोडलं. पलीकडे गिरणीवाली टॉवेल फिरवत होती. अलीकडे हे दोघं दोन-दोन बोटं दाखवून तिला उत्तर देत होते.

पाळणा जावयाने आधीच करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्याला हात घातला. पाऊस असा लागला होता की काठावर कुणी येणं शक्यच नव्हतं. मग घरात फळ्या कापायच्या, लिफ्टवाल्यांनी पॉलिश पेपरने घासायच्या, आणि बोलायचं.

"एक झोपली की दुसरी उठणार," लिफ्टवाले म्हणायचे.

"दोघी कशावरून? एक मुलगा असेल."

"असू दे की. एक तुम्ही घ्या, एक मी घेतो. मुंगीचे हात मोकळे."

"आणि गाई?"

"गाई थांबतील. नाही थांबल्या तर रडतील. त्यांचंही चालू दे."

एका सकाळी पाऊस थांबला. ऊन पडलं. पाणी अजून ओलांडण्यासारखं नव्हतं, पण घोंघाट कमी झाला होता. आणि पलीकडच्या वाटेवरून छत्री येताना दिसली. गिरणीवाली, तिच्यामागे सावकाश चालणारी मुंगी, आणि गिरणीवालीच्या हातात गुंडाळलेलं काहीतरी.

दोघं चिखलातून घसरत काठावर पोचले. गिरणीवालीने गाठोडं उंच धरलं. दुपट्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली होती.

"एक," लिफ्टवाले पुटपुटले.

मग मुंगीने तिच्याकडून काहीतरी घेतलं, शेजारच्या उंच दगडावर चढली आणि तिनेही गाठोडं वर धरलं.

"दोन! बघा, हीसुद्धा अगदी तश्शीच!" लिफ्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. जावयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "बाबा."

"हं?"

"ताईच्या हातात काही नाहीये."

लिफ्टवाल्यांनी चष्मा पुसून पाहिलं. गिरणीवाली दोन्ही रिकामे हात कमरेवर ठेवून उभी होती.

"नाहीये," त्यांनी कबूल केलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लिफ्टवाल्यांना हसू फुटलं, आणि त्यांच्या पाठोपाठ जावई हसायला लागला. सासऱ्याने त्याला असं हसताना कधीच ऐकलं नव्हतं. पोट धरून हसत होता. पलीकडे दोघी आ वासून बघत राहिल्या. बाळ दाखवलं तर ही माणसं हसतायत कशाला?

"दोघी सुखरूप आहेत, असं सांगत होते मी!" गिरणीवाली पुढे कितीतरी दिवस हे सगळ्या गावाला सांगत होती. "बाई आणि मुलगी, दोघी! आणि यांनी जुळं ठरवलं!"

त्या दिवशी चढ चढताना लिफ्टवाले मधेच थांबून वळून बघत राहिले. छत्री गावाकडे परत चालली होती. नात एकच होती, पण होती. लेक आपल्या पायांनी चालत होती. जावई बाजूला धडधाकट उभा होता. देवाकडे काही मागावं असं त्यांना त्या घटकेला सुचेना. मिळालेलंच हातांत मावत नव्हतं.

पाऊस सरला, पाणी गुडघ्यांवर आलं, गावकऱ्यांनी दगडांवर फळ्या टाकल्या आणि मुंगी लेकीला घेऊन घरी आली. अंगणात दोन पाळणे शेजारी शेजारी. "दुसरा कुणाला?" तिने विचारलं. दोघं जमिनीकडे बघत राहिले. पुढे त्या पाळण्यात कांदे ठेवायची सोय छान झाली.

मात्र घरातली शांतता गेली ती गेलीच. सासरा-जावई चहा पिताना बोलत, धार काढताना बोलत, छपरावरून आणि छपराखालून बोलत. बाळ जरा झोपलं की यांचं काहीतरी निघायचं. "पूल गेला तो गेला," मुंगी म्हणायची, "यांची तोंडं उघडून गेला."

थंडी पडली. सकाळी अंगणात ऊन आलं की लिफ्टवाले नातीला मांडीवर घेऊन बसायचे. तिची बोटं आपल्या बोटाभोवती गुंडाळून घ्यायचे. हात स्वच्छ होते आता. एक दिवस जावई छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि ते झोपायचे त्या खोलीत गेला. ती मुळात बियाण्यांची पोती ठेवायची खोली. तिला दार होतं, खिडकी नव्हती.

"बाबा, जरा या. खिडकी कुठल्या भिंतीला काढू?"

लिफ्टवाले नातीला घेऊन दारात आले. भाड्याच्या घरांत खिडकी असायची तिथे असायची. कुठे हवी, हे आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि पाहुण्याला तर हे कुणीच विचारत नाही.

"अंगणाकडे," ते म्हणाले. "म्हणजे येणारं-जाणारं दिसेल."

"इथे कोण येतं-जातं?"

"गाई."

जावयाने मान डोलावली, कोळशाने भिंतीवर चौकोन आखला आणि घाव घातला. विटा निघायला लागल्या, धूळ उडाली, त्या धुळीतून उन्हाचा एक पट्टा आत येऊन पोत्यांवर पडला. बाळाला शिंक आली. त्याबरोबर स्वयंपाकघरातून मुंगी धावत आली. "अहो बाबा! पोरीला घेऊन धुळीत काय उभे राहिलात? आणि तू? सांगून करता येत नाही का काही?" तिने लेकीला त्यांच्या हातांतून ओढून घेतलं आणि दोघांवर मिळून एकच मोठी रागाची नजर टाकली.

ती गेल्यावर जावई घाम पुसत हळूच हसला. लिफ्टवाल्यांना त्याला काहीतरी सांगायचं होतं. जुळवलं, पण जे सुचलं ते फार छोटं वाटलं. म्हणून त्यांनी एक वीट उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "चौकट मी रंगवतो. निळी."

"निळीच?"

"निळीच."

"बरं," जावई म्हणाला, आणि हातोडा त्यांच्या हातात दिला.